दाब, धर, सोड

माझ्या दादाकडे एक धोंडा होता. फणसाच्या आठळीच्या घाटाचा, पण आकाराने मोठ्या नारळाएवढा. तो त्याच्या मोटारीच्या डिकीत वर्षानुवर्षे असे. गाडी कुठेही उभी केली की दादा ती गिअरमध्ये ठेवी आणि मागच्या चाकाला हा धोंडा लावी. हँडब्रेक आहे कशाला, असे मी एकदा विचारले. तो म्हणाला, “पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी आणि अबोला धरलेला भाऊ, दोघेही नंतर सुटायला कठीण.” त्या वेळी आमचा अबोला नुकताच सुटला होता, म्हणून मी पुढे बोललो नाही.

दादा गेला, तेव्हा वैशाख होता. गाडी माझ्या अंगणात आली. गाडीचे नाव सांगत नाही. म्हातारपणच्या दुखण्याबद्दल माहेराला बोल लावणे मला पसंत नाही. २००७ साली त्याने ती नवी घेतली होती. पंधरा वर्षे भरली तेव्हा २०२२ साली पुढच्या पाच वर्षांसाठी कागदपत्रेही करून घेतली होती. माझे अंगण उतरते. मी डिकी साफ करताना तो धोंडा कुंपणाबाहेर टाकला आणि हँडब्रेक ताकद लावून ओढला. चार महिने पाऊस पडला. गाडी जागची हलली नाही.

आश्विनात वहिनी आल्या. म्हणाल्या, “भाऊजी, गाडी विकायची ती विका, पण त्याआधी मला एकदा त्यातून सूर्यमाळला न्या.” लग्नाआधी त्या तिकडे दोन वर्षे शिक्षिका होत्या. तेव्हा तो मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी वहिनींच्या बोलण्यात सूर्यमाळ अजून ठाणे जिल्ह्यातच आहे.

गाडी सुरू झाली, पण चालेना. मागचा भाग नुसता खाली दबे आणि चाके जागच्या जागी. गॅरेजवाल्याने पाहून सांगितले की मागचे दोन्ही कॅलिपर धरले आहेत. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते आणि कॅलिपर ही तिला दोन्ही अंगांनी धरणारी सांडशी. पायाने ब्रेक दाबला की तेलाच्या दाबाने आतला पिस्टन पुढे सरकतो, पॅड तबकडीला चिकटतात. पाय उचलला की एक रबरी कडे पिस्टनला केसभर मागे ओढते. सगळी मौज त्या केसभरात आहे. आमच्या गाडीत मागच्या कॅलिपरला आणखी एक काम होते : हँडब्रेकची केबल येऊन त्याच्याच पाठीवरच्या लहानशा दांडीला जोडलेली. म्हणून तो पिस्टन नुसता ढकलून आत जात नाही. स्क्रूसारखा फिरवत, दाबत न्यावा लागतो. जोर करणारा तो मोडून ठेवतो.

दोन्ही कॅलिपर नवे बसवले. पैसे देताना मी शहाणपणाने सांगितले, “हँडब्रेक जरा ताठ करून द्या, वर घाटात जायचे आहे.” गिऱ्हाइकाने सांगितले तसे त्यांनी करून दिले.

कसाऱ्यापाशी महामार्ग सोडला आणि खोडाळ्याचा रस्ता धरला. विहिगाव मागे पडले. उतारांवर वरई आणि नागली पिकत आलेली, मधूनच खुरासणीचे पिवळे पट्टे. वहिनी काचेला नाक लावून बसल्या होत्या. खोडाळ्याच्या पुढे चढण लागली, आणि मला कसलासा करपट वास आला. कुणी पालापाचोळा जाळत असेल म्हणून मी सोडून दिले. पुढे एका उतरत्या वळणावर ब्रेक दाबला तो पाय नेहमीपेक्षा बराच खाली गेला. दुसऱ्यांदा दाबला तेव्हा लोण्यात बोट जावे तसा. डाव्या हाताला दरी. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, मग पहिल्यात टाकली, आणि डोंगराच्या बाजूच्या मातीत घुसवून उभी केली. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, तेव्हा माझा हात कापत होता असे कळले.

उजवे मागचे चाक तापून त्याच्याजवळ हात धरवत नव्हता. जवळच्या पाड्यावरचा एक मुलगा पाण्याची कळशी घेऊन धावला. वहिनी म्हणाल्या, “ओतू नकोस बाळा, तबकडी तडकेल.” हे त्यांना कसे ठाऊक, याचे मला नवल वाटले. एका मोटारसायकलवाल्याने निरोप नेला आणि तासाभराने खोडाळ्याकडून एक तरुण मिस्त्री पिशवी घेऊन आला.

त्याने गाडी जॅकवर घेतली. चाक थंड झाले होते, तरी फिरेना. त्याने आधी कॅलिपरवरची निपल पाहिली. “वरच्या अंगाला आहे, डावा-उजवा बदललेला नाही. खाली आली असती तर हवा निघालीच नसती, काका.” मग निपल किंचित सैल केली. तेलाचा थेंब आला, चाक तसेच. तो मान हलवून म्हणाला, “दाब अडकला असता तर आता सुटलं असतं. पाईप चांगला आहे. कॅलिपरचाही दोष दिसत नाही.” त्याने पाठीमागची दांडी दाखवली, ती आपल्या टेकूपर्यंत मागे आलीच नव्हती. केबल तिच्यावरून उतरवली, आणि चाक त्याच्या एका बोटाने गरगर फिरले. केबल आतून गंजली होती, आणि वरून ताणून ठेवली होती. “हे ताठ कुणी केलं?”

मी म्हटले, “मी.”

कुणी ठपका ठेवला नाही, म्हणून ते अधिकच लागले. कुणास ठाऊक, जुन्या कॅलिपरांपैकी एखादा निर्दोषच असेल.

आता तेल उकळून आत फुगे झाले होते, ते काढायचे होते. ब्रेकचे तेल हवेतले पाणी पिते. ‘डॉट ४’ जातीचे ताजे तेल २३० अंशांपर्यंत तरी उकळता कामा नये, पण पाणी मुरले की ती मर्यादा १५५ पर्यंत उतरते, आणि घासणाऱ्या पॅडांना तेवढी उष्णता म्हणजे काहीच नाही. मिस्त्रीने निपलला नळी लावून दुसरे टोक बाटलीत सोडले आणि मला म्हणाला, “काका, आत बसून ब्रेक दाबा.” मी उठायच्या आत वहिनी दादाच्या जागेवर जाऊन बसल्या होत्या. पदर खोचला, चपला काढल्या.

“बाई, दाबा,” मिस्त्री म्हणाला.

“दाबला. धरलाय.”

नळीतून तांबूस तेल आणि बुडबुडे आले. त्याने निपल आवळली. “सोडा.”

“सोडला. सावकाश वर घेतलाय.”

मिस्त्रीने वर पाहिले. असे सांगून न सांगता जमणारे माणूस त्याला रोज भेटत नसावे. पुढे त्याने शब्द उच्चारायचेही सोडले. निपल उघडल्याची चाहूल लागे आणि वहिनींचा पाय खाली जाई. शेवटी पाय टेकला की तिथेच धरून ठेवत. दर दोन वर्षांनी अंगणात, रविवारी सकाळी, दादा चाकाखाली आणि या आत. आमचा अबोला होता त्या साऱ्या वर्षांत हे चालले असेल, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. बुडबुडे केव्हाच थांबले होते. नळीतून स्वच्छ तेल येत होते. तरी मिस्त्रीने आणखी दोनदा दाबू दिले.

त्याने केबल तारेने बाजूला बांधली, वर नवे तेल भरले, आणि सांगितले, “उजव्या चाकाला हँडब्रेक नाही, ध्यानात ठेवा. नवी केबल टाका, बाकी गाडीला काही झालेलं नाही.” मागितले त्यापेक्षा थोडे अधिक मी देऊ केले, ते त्याने परत केले. दोन दिवसांवर वाघबारस आली होती, त्याला घरी जायची घाई होती.

सूर्यमाळला पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. माळावर वारा होता. मी गाडी गिअरमध्ये ठेवून उतरलो आणि सवयीने हँडब्रेककडे हात नेला, तर वहिनी म्हणाल्या, “थांबा.” त्या रस्त्याच्या कडेला हिंडल्या, दोन-तीन दगड पायाने परतून पाहिले, एक उचलला आणि चाकामागे नीट बसवला. मग आम्ही त्यांची शाळा होती त्या अंगाला चालत गेलो.

निघताना त्यांनी तो दगड उचलला, पदराने माती पुसली आणि डिकीत ठेवला.

“भाऊजी, केबल केव्हा बदलता?” त्यांनी विचारले.