बंदी पाटीवर, टिप्पर गल्लीत

बडनेऱ्याच्या रहदारीचा विचार रेल्वेपासूनच सुरू करावा लागतो. मुंबई–नागपूर लोहमार्गाने गावाचे जुनी वस्ती आणि नवी वस्ती असे दोन भाग केले, आणि एकीकडून दुसरीकडे जायला वाटा मोजक्याच. त्यात अकोल्याचा रस्ता, यवतमाळचा रस्ता, स्टेशनची वर्दळ. एप्रिल 2025 मध्ये बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं, त्या प्रवाशांचीही आता भर. मुख्य रस्ता तुंबला की गाड्या वस्तीत शिरतात, मग तिथे जड वाहनांना बंदी असो वा नसो. इथे राहून हे पाहता पाहता माझं एक मत पक्कं झालं आहे. बंदी मोडली की आपण चालकाला बेशिस्त म्हणतो. तो असेलही. पण पाटी ठोकली की आपलं काम झालं असं मानणाऱ्या कारभाराचा दोष मला त्याहून मोठा वाटतो.

कायदा अपुरा आहे, असं नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 115 नुसार एखाद्या रस्त्यावर वाहनांना मनाई करता येते. महिन्याच्या आतली बंदी असेल तर राजपत्रात छापण्याचीही गरज नाही, मात्र स्थानिक पातळीवर ती लोकांना कळवावी लागते. घोडं अडतं ते इथेच. बाहेरगावाहून रेती घेऊन आलेल्या टिप्परवाल्याला ती कळणार कशी? पाटी कडुनिंबाच्या फांदीआड गेलेली असते, नाहीतर तिच्यावर वाढदिवसाचं फ्लेक्स चढलेलं असतं. दंड वाढवा, असं बरेच जण म्हणतात. तो वाढलेला आहे. महाराष्ट्रात डिसेंबर 2021 पासून सर्वसाधारण उल्लंघनाला पहिल्या वेळी 500 आणि पुन्हा केल्यास 1500 रुपये आहेत. पण ज्याची कमाई खेपांवर ठरते, त्याला पकडलं जाण्याची शक्यता नगण्य असेल तर आकडा कितीही मोठा करा, तो कागदावरच राहतो. आणि गल्लीच्या प्रत्येक तोंडाशी पोलीस उभा करणं कोणत्याच शहराला जमलेलं नाही.

बंदी मोडण्याची किंमत मात्र वस्ती भरते. 1958 ते 1960 दरम्यान अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात रस्त्यांची मोठी चाचणी झाली. आसावरचा भार वाढला की रस्त्याची हानी साधारण त्याच्या चौथ्या घातात वाढते, असं तिच्यातून निघालं. म्हणजे दहा टनांचा आस एक टनाच्या आसापेक्षा सुमारे दहा हजार पट नुकसान करतो. आमच्याकडे ते नालीच्या फरशीवर दिसतं. टिप्पर वळताना मागचं चाक कोपऱ्यावर चढतं. आधी फरशीची कड उडते, मग सळई उघडी पडते, मग अख्खी फरशी नालीत. कोणीतरी त्या भगदाडात ओळखीसाठी फांदी खोचून ठेवतं, आणि शाळेची पोरं त्याला वळसा घालायला सायकली रस्त्याच्या मधोमध आणतात.

हाच चालक रेल्वे फाटकाशी कसा वागतो ते पाहावं. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर फाटकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी आडवी पट्टी असते, कारण वर 25 हजार व्होल्टची तार आहे. तिथे तो थांबतो, मान वर करतो, माल उंच असेल तर खाली उतरून अंदाज घेतो. माणूस तोच, फरक आहे तो रस्त्याच्या बांधणीत. नेदरलँड्सने हे फार आधी ओळखलं. तिथे 1976 मध्ये राहत्या गल्ल्यांना कायद्याने वेगळा दर्जा मिळाला आणि गाडीला हळूच जावं लागेल अशी त्यांची रचना झाली. आपल्यालाही हे अवघड नाही. जून 2022 मध्ये अमरावती–अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचा पट्टा साडेचार दिवसांच्या आत, 105 तास 33 मिनिटांत अंथरून आपण जागतिक विक्रम केला. ज्यांना ते जमतं, त्यांना गल्लीच्या तोंडाशी दोन खांब आणि एक आडवी पट्टी नक्कीच जमेल.

यावर पहिली हरकत अग्निशमनाच्या गाडीची येते, आणि ती रास्त आहे. म्हणून पट्टी बिजागरीची हवी, किल्ली अग्निशमन केंद्राकडे आणि झोन कार्यालयात, तिसरी गल्लीतल्या एखाद्या घरी. रुग्णवाहिका उंचीने कमी असते, तिचा प्रश्न येत नाही. दुसरी हरकत आपलीच आहे: घर बांधायला गिट्टी-रेती आपणच मागवतो. तर मग तिला वेळ ठरवून द्यावी, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा सोडून, आणि शेवटच्या टप्प्याला छोटा हत्ती वापरावा. भाडं थोडं जास्त पडेल. नालीची फरशी पुन्हा पुन्हा बसवण्याचा खर्चही शेवटी करातूनच जातो. पट्टीखालून सुसाट निघणाऱ्या दुचाक्यांना ती अडवणार नाही, हेही खरं. त्यांच्यासाठी गल्लीचं तोंड उंचावून घ्यावं लागेल, मापात आणि पांढऱ्या पट्ट्यांसह. रातोरात सिमेंट ओतून केलेले उंचवटे गरोदर बाईचे आणि म्हाताऱ्यांचे हाल करतात. सुरुवात महापालिकेने शाळेलगतच्या गल्ल्यांपासून करावी, आणि कोणत्या गल्ल्या ते ठरवताना तिथल्या बायकांना विचारावं. दिवसभर त्या रस्त्यावर नजर त्यांचीच असते.