ओळ कुठे मोडावी?

गद्य मोठे समजूतदार असते. जागा संपली, की बिचारे मुकाट्याने खालच्या ओळीत जाऊन बसते. संगणकाच्या आज्ञावलीचे तसे नाही. पायथन भाषेत तर ओळ भलत्या जागी मोडली, की सारे कामच अडते. भाचीला शिकवण्यासाठी मी टिपणे लिहितो, त्यांत ही दोघे एकाच बिऱ्हाडात नांदतात. म्हणून माझ्या 'व्हिम' संपादकात मी नियम घालून दिले आहेत. 'टेक्स्टविड्थ' शून्य, म्हणजे तो आपणहून ओळ तोडत नाही. जोडीला 'रॅप' आणि 'लाइनब्रेक'. मग लांब ओळ पडद्यापुरती शब्दाच्या सीमेवर वळते, फाइलीत मात्र अखंड राहते. १९२८ सालच्या आयबीएमच्या छिद्रांच्या कार्डावर ८० रकाने होते. कार्डे गेली, तरी ऐंशीचा तो दंडक पुष्कळांनी अजून सोडलेला नाही!

एवढा खटाटोप कशाला, असे तुम्ही विचाराल. शिकणाऱ्या पोरीची आज्ञावली अडली, तर ती मोडलेल्या ओळीकडे बघत नाही. आपल्याच बुद्धीला बोल लावते. ओळ मोडली तर जोडता येते. तिचा हुरूप मोडला, तर तो जोडणारी कळ कुठल्याच यंत्रावर नाही.