तिघांचं गाणं

तर झालं असं, की दिवाळीला वरोऱ्याला घरी गेलो होतो. सकाळी फराळ करता करता फोनवर 'एव्हरी ब्रेथ यू टेक' लावलं. बाबांनी चिवडा खाता खाता विचारलं, "हे कोन्या बँडचं होय गा?"

"द पोलिस."

"पोलिसाईनं कधी काढला बँड?"

पोलिसांचा बँड म्हणजे परेडला वाजतो तो, एवढंच आमच्या घरी ठाऊक. मलाही इंजिनियरिंगच्या हॉस्टेलात सीनियरच्या हार्डडिस्कमधून हा फोल्डर मिळाला, तेव्हाच हे नाव कळलं. बाबांना जेवढं सांगितलं, ते इथेही सांगतो. पुढचं मात्र त्यांना सांगितलं नाही.

१९७७ मध्ये लंडनमध्ये पंकचा धुमाकूळ सुरू होता. वाजवता आलं नाही तरी चालेल, पण त्वेष पाहिजे! त्यातून थोडी सुरेल, थोडी डोकेबाज अशी जी पुढची लाट आली, ती न्यू वेव्ह. स्टुअर्ट कोपलंड हा अमेरिकन ड्रमर. त्याने न्यूकॅसलमधला एक शाळामास्तर गाठला, जो जॅझ बँडमध्ये बास वाजवायचा आणि गायचा. गॉर्डन समनर त्याचं नाव, पण सगळे त्याला स्टिंग म्हणत. थोड्या दिवसांत गिटारवर अँडी समर्स आला. तो या दोघांपेक्षा जवळजवळ दहा वर्षांनी मोठा. एका च्युइंगमच्या जाहिरातीसाठी तिघांनी केस सोनेरी रंगवले आणि तीच बँडची ओळख होऊन बसली. 'रॉक्सॅन' १९७८ मध्ये आलं तेव्हा आपटलं. १९७९ मध्ये पुन्हा काढलं, तेव्हा चाललं.

आणि मंडळी, मार्च १९८० मध्ये हे तिघं चक्क मुंबईत येऊन वाजवून गेले! पहिलीच वर्ल्ड टूर. आपल्याकडे तेव्हा असे बँड यायचे कुठे? कार्यक्रम भरवला टाइम अँड टॅलेंट्स क्लबने, म्हणजे समाजकार्यासाठी पैसे उभे करणाऱ्या मुंबईतल्या बायकांच्या संस्थेने. रॉक कॉन्सर्टचा फारसा अनुभव नसलेल्या त्या बायकांनी न्यू वेव्ह बँड आणून दाखवला, याचं मला भयंकर कौतुक आहे.

पुढचा आलेख सरळ वर जातो आणि धाडकन थांबतो. १९८३ मध्ये 'सिंक्रोनिसिटी' हा पाचवा अल्बम आला. त्यातलं 'एव्हरी ब्रेथ यू टेक' अमेरिकेत आठ आठवडे एक नंबरवर होतं. त्याच ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे ७० हजार माणसं आली. आता याच्या वर चढायला काही उरलं नाही, असं स्टिंगला तिथेच वाटलं म्हणे. १९८५ मध्ये त्याचा पहिला सोलो अल्बम आला. १९८६ मध्ये तिघं पुन्हा स्टुडिओत जमले, पण कोपलंडने घोड्यावरून पडून गळ्याजवळचं हाड मोडून घेतलं आणि ते जमणं एका जुन्या गाण्याच्या नव्या रेकॉर्डिंगवरच संपलं. मग २००७-०८ मध्ये एक टूर, १५० च्या वर कार्यक्रम, आणि पुन्हा आपापल्या घरी.

आता मुद्दा. 'एव्हरी ब्रेथ'च्या वेळी भांडणं इतकी, की तिघं तीन वेगळ्या खोल्यांत बसून वाजवत होते. स्टिंगच्या मूळ गाण्यातले कॉर्ड्स अगदी साधे, शेकडो गाण्यांत सापडतील असे. गाणं अडलं, तेव्हा त्याने समर्सला सांगितलं की तुझ्या पद्धतीने काहीतरी कर. समर्स आत गेला आणि एका टेकमध्ये बोटं ताणून ती टिकटिकणारी गिटार वाजवून बाहेर आला. आज दोन सेकंदांत आपण गाणं ओळखतो ते त्या गिटारवरून. १९९७ मध्ये पफ डॅडीने तीच गिटार उचलून 'आय विल बी मिसिंग यू' केलं आणि तेही जगभर गाजलं.

पण गीतकार-संगीतकार म्हणून नाव एकट्या स्टिंगचं. चाल आणि शब्द ज्याचे, गाणं त्याचं, असा हिशोब. बाकीच्यांनी वाजवलं ते "वाजवणं". २०२५ मध्ये समर्स आणि कोपलंडने रॉयल्टीवरून स्टिंगवर लंडनच्या हायकोर्टात दावा लावल्याची बातमी आली. कोण बरोबर ते कोर्ट बघेल. मी मात्र ती बातमी ऑफिसच्या कँटीनमध्ये वाचली आणि जेवण गेलं नाही.

कारण तीन वर्षांपूर्वी आमच्या टीममध्येही आम्ही तिघंच होतो. रात्रीचा एक जॉब सहा तास चालायचा. मी तो नव्याने लिहिला आणि ४० मिनिटांवर आणला. कोड माझा, गिटच्या हिस्टरीत प्रत्येक ओळीपुढे माझं नाव. पण त्याआधी मी आठवडाभर डोकं आपटत असताना टेस्टिंगमधला मित्र चहाचा कप घेऊन मागे उभा राहिला होता. म्हणाला, "तू एकच कस्टमर शंभरदा आणतोयस. आधी सॉर्ट कर ना." तेवढंच. पुढचं सगळं त्या एका वाक्यातून निघालं.

अप्रेझलच्या फॉर्मवर मी लिहिलं, "मी केलं." खोटं नव्हतं ते! मला प्रमोशन मिळालं. त्याला "अपेक्षेप्रमाणे काम". वर्षभरात तो कंपनी सोडून गेला. निरोपाच्या केकचा तुकडाही मीच त्याला भरवला.

त्या दिवाळीच्या संध्याकाळी बाबा आणि मी आनंदवनाच्या बाजूला चक्कर मारायला गेलो. विकास आमट्यांच्या कल्पनेतून तिथे 'स्वरानंदवन' हा ऑर्केस्ट्रा उभा राहिला. कलाकारांत कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणी कुष्ठरोगातून बरं झालेलं. शाळेत असताना मी त्यांचा कार्यक्रम पाहिला होता. ऐकू न येणारी मुलं नाचत होती, आणि समोर बसून त्यांना हाताने ठेका दाखवणारा माणूस आम्हाला पाठमोराच दिसत होता. टाळ्या नाचाला पडल्या. मीही नाचालाच वाजवल्या. रस्त्यात ते आठवलं, आणि बाबा काय बोलत होते तिकडे लक्षच राहिलं नाही.

रात्री मित्राला मेसेज लिहिला. फॉर्मवर काय लिहिलं होतं ते जसंच्या तसं सांगितलं. गाण्याबिण्याचं काही नाही. दोन दिवसांनी उत्तर आलं: "माहीत होतं मला. आता काय उपयोग? पण सांगितलंस ते बरं केलंस."

प्रमोशन काही परत देता येत नाही. सुट्टीवरून आल्यावर मॅनेजरला मेल टाकला, त्या जॉबच्या डॉक्युमेंटवर त्याचं नाव घातलं. तो आता त्या कंपनीत नाही, त्यामुळे ते कोण वाचणार कोण जाणे.

असो. बाबांनी परवा फोनवर विचारलं, "ते पोलिसवालं गाणं पाठव ना गा, ते गिटारवालं." ते म्हणाले गिटारवालं, मी नाही.