शेवटचा अर्धा बाइट

हेक्स ऑन केलं की एकाखाली एक उभे राहणारे अंक मला आता सलग वाचता येत नाहीत. डोळे थकले. हल्ली आमची नवी शिकाऊ मुलगी शेजारी बसून वाचते आणि मी सॉर्टचं कार्ड लिहितो. परवा वाचता वाचता तिनं विचारलं, “सर, फाइल मेनफ्रेमवरून सरळ उतरवून घेऊन पायथॉनमध्येच का नाही फोडायची?”

स्क्रीनवर तेव्हा एक पॅक्ड रक्कम होती : चाराखाली शून्य, शून्याखाली सी. म्हणजे ४००, चिन्ह अधिक. ही फाइल टेक्स्ट म्हणून पाठवली तर पहिला बाइट एबसिडिकमधली मोकळी जागा समजला जातो आणि आस्कीतली मोकळी जागा, म्हणजे २०, होऊन बसतो. दुसरा बाइट दोन्हीकडे सारखाच. ४०० चे २०० झाले, चिन्ह शाबूत, कुठेही एसझिरोसीसेव्हन नाही. जॉब आपटला तर निदान कुणी उठून बघतं. इथे कुणालाच जाग येत नाही. बायनरी पाठवता येते, पण मग कॉपीबुक हातात धरून एकेक फील्ड पलीकडे सोडवावं लागतं, आणि कॉपीबुक वाचणारी माणसं आता कमी झाली आहेत.

म्हणून रक्कम इथेच उलगडून पाठवायची. झोन्ड करून भागत नाही : उणे १२५ तिकडे ‘१२एन’ दिसतं, कारण चिन्ह शेवटच्या अंकाच्या वरच्या निबलमध्ये बसतं. मी एडिट वापरून चिन्हाला स्वतंत्र कॉलम देतो. पाच बाइटांतले नऊ अंक मग चिन्ह आणि दशांशबिंदू धरून अकरा कॉलम घेतात आणि पुढचं सगळं सहानं सरकतं. हे इनरेकमध्ये केलं तर सॉर्ट फील्ड्सही सरकवा, शिवाय फुगलेलं रेकॉर्ड सॉर्टमधून वाहून न्या. मी आउटरेकमध्येच करतो.

एवढ्यासाठी कोबोल प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. तात्पुरत्या फाइली करत तीन-तीन स्टेप लावणाऱ्यांचा त्याहून जास्त. डीएफसॉर्ट असो की सिंकसॉर्ट, एका फेरीत होणारं काम एकाच फेरीत व्हावं. माझं कार्ड ७१ कॉलमांच्या आत, कमीत कमी ओळींत बसावं आणि वाचणाऱ्यानं ‘हे कुणाचं?’ म्हणून विचारावं, ही हाव माझ्यात पहिल्यापासून आहे आणि वयानं ती कमी झालेली नाही.

त्या मुलीनं माझ्या त्या नेटक्या कार्डात ट्रेलर घालायला सांगितलं : शेवटी रकमांची टोटल, म्हणजे पलीकडच्यांना ताळा करता येईल. मला आधी ते रुचलं नाही. पण न्यूमची तपासणी ते २०० कधीच पकडणार नाही, कारण २०० हाही वैध आकडा आहे, टोटल पकडेल. त्यासाठी उलगडा आउटरेकमधून काढून आउटफिलमध्ये न्यावा लागला, म्हणजे टोटल मूळ पॅक्ड रकमेवरच निघते. वर रिमूव्हसीसीही आलं. कार्ड लांबलं. पुढच्या सगळ्या फाइलींना आता तेच लावतो आहे.