गाडी लोड घेईना

माणूस खोटा की यंत्र खोटं, असा पेच पडला की मी आजवर माणसावरच संशय घेत आलो. त्यातून तो माणूस गरीब असला, माझ्या पगारावर असला, तर फारसा विचारही करावा लागत नसे. हे कुणी तोंडावर सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. गावात मला लोक भला समजतात, मीही समजत होतो.

नांदूरघाटला माझं कृषी सेवा केंद्र आहे. माल आणायला बीडला खेपा असतात. गावात रात्री-अपरात्री कुणाचं दुखलं-खुपलं तर अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात माझीच डिझेल गाडी जाते. गुडघे बोलायला लागल्यावर गाडीवर गावातलाच एक पोरगा ठेवला. त्याचे आई-बाप दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात. हा मागं आजीजवळ राहून बारावीपर्यंत शिकला. कामावर येतानाच त्यानं बहिणीच्या लग्नासाठी उचल मागितली. मी दिली, पण याला पैशाची नड आहे हे मनात धरूनच दिली.

काही महिन्यांनी तो सांगू लागला, "अण्णा, गाडी घाटात वढंना. लोड घेईना." बीडहून परत येताना मांजरसुंब्याचा घाट चढावा लागतो, तिथं. थोडा वेळ बंद करून उभी केली की पुन्हा चालते म्हणे. मी स्वतः केजपर्यंत चालवून पाहिली, गाडी एकदम झकास. पुन्हा तक्रार आली, पुन्हा पाहिली, पुन्हा झकास. गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला, रेलमधलं प्रेशर कमी पडल्याची नोंद निघाली. फिल्टर बदलला, थोडे दिवस बरे गेले. मग सेन्सर बदलला, तेच. शेवटी त्यानं पंपाचं नाव काढलं आणि खर्चाचा आकडा ऐकून मी घरी आलो.

त्यात ॲव्हरेजही पडलं होतं. मी माझी बेरीज केली: पोरगा डिझेल काढतोय आणि हिशोब लपवायला बिघाडाची गोष्ट रचतोय. स्कॅनरवरची नोंद मी सोयीनं विसरलो. एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. स्टँडजवळच्या हॉटेलात चहा पिताना चार माणसांत मी ते बोलून दाखवलं, आणि त्या महिन्याच्या पगारातून पैसे कापले. त्यानं वाद घातला नाही. गप्प राहिला याचा अर्थ चोर आहे, असा मी त्यातूनही पुरावा काढला.

पुढं बियाण्यांच्या हंगामात मी त्याच्यासोबत बीडला गेलो. परत येताना मागं पोत्यांची थप्पी, पुढं आम्ही दोघं. पाली गाव मागं पडलं, चढ लागला. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी छान खेचत होती आणि एकाएकी तिच्यातला जोर गेला. आवाज नाही, धक्का नाही, मागं काळा धूर नाही. मी त्याच्या पायाकडं पाहिलं. ॲक्सिलरेटर तळाला टेकला होता आणि काटा खाली येत होता. दुसरा गिअर टाकला तरी तेच. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मागून उसाचे रिकामे ट्रक हॉर्न देत होते. त्यानं शांतपणे गाडी कडेला घेतली, बंद केली आणि हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसला.

"बघा, मी सांगत होतो ना," असं तो म्हणेल म्हणून मी वाट पाहत होतो. तो काहीच म्हणाला नाही. माझ्याकडं त्यानं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. त्या दहा-पंधरा मिनिटांत मला बोलायला शब्द सापडेना. "असं होतं होय," एवढंच कसंबसं बोललो. ते वाक्य किती हलकं होतं हे बोलतानाच कळत होतं. माझ्या डोळ्यांपुढं घडलं तेव्हा ते खरं झालं. त्याच्या सांगण्याला तोवर माझ्या लेखी काहीच किंमत नव्हती.

चावी फिरवली. गाडी जणू काही झालंच नाही अशी घाट चढली.

वर आल्यावर मी विचारलं, तुला काय वाटतं? त्यानं सनव्हायझरमागून एक दोनशे पानी वहीचा अर्धा तुकडा काढून दिला. मी पैसे कापले त्या दिवसापासून त्यानं लिहायला घेतलं होतं. तारीख, टाकीत डिझेल किती, मागं वजन किती, कुठल्या चढाला गाडी मेली, किती वेळानं उठली. शेवटच्या रकान्यात कुठंकुठं एकच अक्षर होतं: क. मी विचारलं, हे काय? तो बराच वेळ बोलेना. मग म्हणाला, "कॅन. तुम्ही कॅनमधलं वतलं की दोन-चार दिवसांत गाडी बसती, अण्णा. तुमच्या कॅनचं मी कसं सांगू?"

शेतात विहिरीवर जुनं डिझेल इंजिन आहे. लाइट नसली की ते चालवायचं, म्हणून शेडमध्ये कॅन भरून ठेवलेला असतो. उरलंसुरलं, शिळं झालेलं डिझेल मी गाडीच्या टाकीत ओतत असे. वाया का घालवायचं? डिझेल इंजिन म्हणजे दणकट, काहीही पचवणारं, हे माझ्या डोक्यात वडिलांपासून बसलेलं. किर्लोस्करांनी 1946 साली खडकीला ऑइल इंजिनांची कंपनी काढली आणि तसल्या इंजिनांनी महाराष्ट्राच्या विहिरी उपसल्या. ती इंजिनं आमच्या पिढीनं कशाही डिझेलवर चालताना पाहिली. पण त्यांचा नोझल साधारण 200 बार दाबावर फवारा मारतो. माझ्या गाडीत कॉमन रेल आहे. तिथं दाब 1600 बारपर्यंत जातो आणि इंजेक्टरच्या आतल्या फटी दोन-तीन मायक्रॉनच्या असतात. एवढा दाब मागितला आणि मिळाला नाही, की कॉम्प्युटर इंजिन वाचवायला डिझेल तोडतो आणि गाडीचा जोर काढून घेतो. चावी बंद-चालू केली की पुन्हा नव्यानं प्रयत्न करतो. स्कॅनर खरंच सांगत होता. दाब पडला एवढं त्याला कळत होतं, का पडला ते शोधणं माणसाचं काम होतं.

ट्रॅक्टरची कामं करणाऱ्या एका जुन्या मिस्त्रीला मी वही दाखवली. त्यानं ती माझ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन वाचली. मग बॉनेटखाली एक स्वच्छ कॅन बांधला, पंपावरचं ताजं डिझेल भरलं, त्यातून पारदर्शक नळी थेट फिल्टरला जोडली, परतीची नळीही त्याच कॅनमध्ये सोडली. गाडीची टाकी बाजूला पडली. तीच पोती, तोच घाट. गाडी न थांबता चढली. पंप चांगला होता, सेन्सरही चांगला होता. टाकी उतरवली.

टाकीच्या तळाला बोटभर पाणी होतं आणि त्यावर काळा, बुळबुळीत थर. पाणी डिझेलपेक्षा जड, ते खाली बसतं, आणि दोन्ही जिथं भेटतात तिथं बुरशी वाढते, असं मिस्त्री म्हणाला. अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये दिवसाच्या उन्हानं आणि रात्रीच्या गारव्यानं आत दव धरतं, ते पाणी तेच. डिझेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडावरची जाळी त्यानं माझ्या हातात दिली. त्या काळ्या चिखलात बारदानाचे धागे गुंतले होते. कॅनचं झाकण कधीच हरवलं होतं आणि मी तोंडाला पोत्याचा बोळा कोंबत होतो. सपाटीवर इंजिन थोडंच डिझेल ओढतं, तेवढं त्या जाळीतून येत असे. चढावर वजन घेऊन ओढ वाढली की चिखल जाळीला चिकटून बसायचा, आणि इंजिन बंद केलं की ओढ सुटून खाली पडायचा. म्हणून मी चालवताना गाडी झकास असायची. मी रिकामी गाडी घेऊन केजला जात होतो. आणि घाटात खालच्या गिअरवर रखडत चढल्यानं ॲव्हरेज पडायचं, तेही त्याच्याच नावावर मी लिहिलं होतं.

कापलेले पैसे मी परत दिले. माफीही मागितली, पण दुकानात, शटर अर्धं ओढून, कुणी नसताना. त्यानं पैसे खिशात घातले आणि "असू द्या अण्णा" म्हणाला. तो आजही माझ्या गाडीवर आहे. मात्र हॉटेलातल्या त्या चार जणांपैकी एकानं परवाच मला विचारलं, "पोरगं आता डिझेल काढत नाही ना?" मी "नाही" म्हणालो आणि चहा संपवून उठलो. तो "आता" मी तसाच राहू दिला. घरी आल्यावर लिहायला बसलो ते त्यासाठी. आरोप मी गावासमोर केला होता, म्हणून हेही गावासमोर: त्यानं डिझेल कधीच काढलं नव्हतं.