अडगाव ते हाइड पार्क कॉर्नर

माझं आजोळ तेल्हारा तालुक्यातलं. दिवाळीच्या सुटीत मामांसोबत अडगावकडे जाताना ते कपाशीच्या वावरांकडे हात करून सांगायचे, “भोसल्याची अन् इंग्रजाची लढाई अठीसाच झाली.” मी बुरूज शोधायचे, तोफा शोधायचे. दिसायची ती काळी जमीन आणि उत्तरेला नरनाळ्याचा डोंगर. पुढे शाळेत पानिपत पाठ झालं, अडगाव मात्र मामांच्या तोंडीच राहिलं.

नोकरीसाठी लंडनला आले. टॉवर, ब्रिटिश म्युझियम वगैरे सगळेच पाहतात ते पाहून झाल्यावर एका रविवारी हाइड पार्क कॉर्नरच्या ॲप्स्ली हाऊसमध्ये गेले. वॉटर्लू जिंकणाऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं हे घर. जिन्यापाशी कानोव्हानं घडवलेला नेपोलियनचा अवाढव्य संगमरवरी पुतळा आहे. गर्दी तिथं रेंगाळते. माझे पाय अडले ते सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या भांड्यांपाशी. डेक्कन सर्व्हिस. दख्खनच्या फौजेतल्या अधिकाऱ्यांनी आपल्या सेनापतीला दिलेली भेट. हा सेनापती म्हणजे आर्थर वेलस्ली, पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला; २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावात लढला तोच!

त्या रात्री वाचत बसले. दोन महिन्यांपूर्वी आसईच्या लढाईत न डगमगलेल्या त्याच्या तीन पलटणी अडगावात मराठ्यांच्या तोफा धडाडताच पळत सुटल्या होत्या. आपण तिथं नसतो तर लढाई हातची गेली असती, असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. हे वाचताना मला मामांची फार आठवण आली; त्यांना हे सांगायला हवं होतं. पुढचं सगळं भराभर घडलं: १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ ला देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा बहुतेक मुलूख भोसल्यांच्या हातून जाऊन निजामाला मिळाला. आमच्या वऱ्हाडचा मालक त्या तीन आठवड्यांत बदलला.

तेव्हापासून गावाकडचं कुणी आलं की मी त्यांना आधी या घरात नेते. मागे अकोटच्या एक काकू आल्या होत्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, भांडी निरखली आणि विचारलं, “मंग आपले कोण कोण मेले, ते कुठी लिहेल नाही का?”

कंपनी सरकारचे कागद ब्रिटिश लायब्ररीत आहेत. हल्ली सुटीच्या दिवशी मी तिथं असते.