दोन जत्रांमधला दिवस

चैत्रात तमाशाच्या फडाला मोकळा दिवस सहसा मिळत नाही. दसऱ्याला बाहेर पडलेल्या गाड्या बुद्धपौर्णिमेपर्यंत फिरतात, पण खरा हंगाम गुढीपाडव्यानंतरच्या जत्रांचा. रात्री गण-गवळण आणि वग, सकाळी त्याच गावात हजेरी, मग ट्रक भरून पुढचं गाव. यंदा शिरूर तालुक्यात दोन जत्रांच्या मध्ये एक तारीख रिकामी राहिली. मालकांना घोर लागला. खेळ नाही म्हणजे सुपारी नाही, पण शंभरेक माणसांचा शिधा लागतोच. आमची उचल तर हंगामाआधीच घरी खर्चून गेलेली.

गाड्या कालव्याकाठी चिंचेखाली लावल्या. ऊन वर आलं तरी सगळे गाढ झोपलेले. मी मात्र ढोलकी घेऊन बसलो. उन्हाळ्यात पान सुकतं, सूर चढतो. शाईच्या कडेला बारीक चीर गेली होती. तिच्यावरून बोट फिरवलं, एक-दोनदा हलकेच थाप दिली. बोल अजून स्वच्छ निघत होता. धुमेकडचा मसाला पानाला आतून लावलेला, तो डोळ्यांना दिसत नाही, कानानेच ओळखावा लागतो. घुमारा शाबूत होता. पलीकडे एक पोरगी तुटलेल्या दोरीतली घुंगरं काढून नव्या दोरीत ओवत होती.

दुपारी बायका धुण्याला आणि अंघोळीला निघाल्या. कालव्याचा काठ उघडा, शेजारून रस्ता. दोघींनी कनातीचा तुकडा धरला, आत एकेकीनं अंघोळ उरकायची. तेवढ्यात गावातली पोरं मोटारसायकलींवर आली. हातात मोबाईल. आमच्या थोरल्या अक्का म्हणाल्या, "दादा, रस्त्याकडं तोंड करून उभं ऱ्हावा जरा." आम्ही वादक कनातीकडे पाठ करून ओळीनं उभे राहिलो. पोरं बराच वेळ घुटमळली, मग गेली. पण शेवटची बाई अंघोळ करून येईपर्यंत आम्ही हललो नाही.

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे: खेळ चालू असताना पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या. आम्हीही ती अभिमानानं सांगतो. त्या उन्हात उभं राहून मला वाटलं, अभिमान बाईंच्या जिद्दीचा, पण त्या वेळी त्यांना आडोशाची जागासुद्धा नव्हती, याची लाज सगळ्यांनी वाटून घ्यायला हवी. राष्ट्रपतींच्या हातून पुरस्कार घेतलेल्या बाईंचा फड असो की आमचा, उतरायची जागा अजून झाडाखालीच.

नारायणगावला राहुट्यांवर सुपारी द्यायला येणाऱ्या गावकारभाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. रकमेची घासाघीस जरूर करा, तो व्यवहार आहे. पण खेळाची तारीख ठरवतानाच शाळेच्या दोन खोल्या, पाण्याचा टँकर आणि आतून कडी लागणारी न्हाणी, एवढं कबूल करा. आमच्या बाया तुमच्या देवाच्या जत्रेसाठी रात्रभर नाचतात.